रिपोर्ट सगळे नॉर्मल, पोट मात्र नाही

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच महिने पोटाची कटकट चालू आहे. डावीकडे ओटीपोटात कळ येते, पोट फुगतं, कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही आणि मग एकाच सकाळी तीन-चार वेळा पळावं लागतं. जाऊन आलं की कळ बरीच उतरते. वय ३४. रक्ताच्या साध्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे आतडं दिसायला ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं. घरचे म्हणतात, सीटी, एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी सगळं एकदाच करून टाक, काय तो सोक्षमोक्ष लागू दे.
माझे प्रश्न दोनच. काहीच सापडलं नाही की त्याला आयबीएस म्हणतात का? आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आतडं ठणठणीत, असं धरायचं का?

खवचटकाका
सोनोग्राफीत न दिसलेलं सीटीत बघतात, सीटीत न दिसलेलं एमआरआयत बघतात. बिल मात्र पहिल्यापासून स्वच्छ दिसतं. असो, जाणकार येतीलच. मी बसलोय वाचत.

निवृत्त_नाडी
अर्धविराम, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सावलीवाचक देतील, सोनोग्राफी करणं हाच त्यांचा प्रांत. मी पहिल्याचं देतो.

'काही सापडलं नाही, म्हणून आयबीएस' ही समजूत आम्हा डॉक्टरांमध्येही बराच काळ होती. आता हे निदान लक्षणांवरूनच करतात, त्यासाठी रोम निकष आहेत. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ सालची. गेल्या ३ महिन्यांत सरासरीने आठवड्यातून किमान १ दिवस पोट दुखायला हवं. शिवाय पुढच्या तीनपैकी किमान २ गोष्टी हव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध, किती वेळा जावं लागतं त्यात बदल, शौचाच्या स्वरूपात बदल. आणि त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची हवी. तुम्ही लिहिलेलं 'जाऊन आलं की कळ उतरते' हे वाक्य माझ्या लेखी सोनोग्राफीच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलकं आहे.

स्वरूप म्हणजे काय हेही सांगतो, कारण 'पातळ' आणि 'घट्ट' हे शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने वापरतो. ब्रिस्टल तक्ता म्हणून एक चित्रांचा तक्ता मिळतो, त्यात १ ते ७ प्रकार आहेत. १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. पंधरा दिवस रोज नुसता आकडा लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. लाजू नका, आमची हयात यातच गेली.

आता माझे प्रश्न. झोपेतून उठून शौचाला जावं लागतं का? दिवसा छळणारं पण रात्री झोपू देणारं पोट वेगळं आणि झोपमोड करणारं पोट वेगळं. रक्त पडतं का? वजन आपोआप उतरलंय? ताप येतो? हिमोग्लोबिन किती? नुसतं 'नॉर्मल' नको, आकडा द्या. आई-वडील-भावंडांत कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार), सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार)? आणि औषधं कोणती चालू आहेत? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅसिडिटीच्या औषधानेही होतात, लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि माणूस घाबरतो. निम्मी पोटं औषधांच्या यादीतच सापडतात. (हे 'निम्मी' माझ्या पदरचं, कोणी संदर्भ मागू नये.)

सावलीवाचक
नाडीसाहेबांनी चेंडू इकडे टोलवलाच आहे, तर सांगतो.

सोनोग्राफी म्हणजे ध्वनिलहरींचा खेळ, आणि या लहरी हवेच्या पलीकडे जात नाहीत. आतड्यात हवा असतेच. त्यामुळे यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, गर्भाशय, बीजकोश हे छान दिसतं, पण आतड्याच्या आतल्या अस्तराबद्दल सोनोग्राफी जवळजवळ काहीच सांगत नाही. छोटा पॉलिप (अस्तरावर उगवलेला कोंब), सौम्य सूज, वरवरचा व्रण यातलं काही दिसत नाही. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' याचा अर्थ 'जे दिसू शकतं ते नॉर्मल', एवढाच घ्या. पित्ताशयातले खडे पकडायला याच्याइतकी सोपी तपासणी नाही, पण तोच खडा घसरून पित्तनलिकेत गेला तर बरेचदा निसटतो. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपमधून केलेली सोनोग्राफी लागते. स्वादुपिंड तर हवेमागे दडून बसतं. रिपोर्टात 'गॅसमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसले नाही' अशी एक ओळ असते, ती कोणीही वाचत नाही. सगळ्यांची नजर थेट शेवटच्या ओळीवर.

खरी गोम पुढे आहे. सरावलेला हात आणि वरवरचं बारीक दाखवणारा प्रोब असेल तर आतड्याची जाड झालेली भिंत, सुजलेलं अपेंडिक्स, वाढलेल्या गाठी सोनोग्राफीतही दिसतात. पण त्यासाठी ते शोधायला कोणी सांगायला हवं! चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'पोटदुखी'. पोट केवढं, त्यात काय काय, कुठून सुरुवात करू? 'चार महिने उजव्या बाजूला खाली दुखतं, वजन उतरलंय, आतड्याची भिंत बघावी' एवढं लिहिलं तर मी दहा मिनिटं जास्त देतो आणि वेगळ्या जागी देतो.

उलटाही प्रकार होतो. नको ते सापडतं. मूत्रपिंडावर साधी पाण्याची गाठ, यकृतात थोडी चरबी, पित्ताशयात मुकाट बसलेला खडा. खडा दिसला म्हणून दुखणं त्याचंच, असं नसतं. खड्याची कळ वरच्या पोटात मध्ये किंवा उजवीकडे येते, अर्धा तास ते काही तास सलग राहते आणि शौचाला जाऊन उतरत नाही. फुगणं, गुरगुरणं, जाऊन आल्यावर बरं वाटणं ही पित्ताशयाची लक्षणं नाहीत. पित्ताशय काढून टाकल्यावरही पोट पूर्वीसारखंच दुखणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

अर्धविराम
बापरे, एवढी उत्तरं! धन्यवाद. नाडीकाका, रात्री उठावं लागत नाही. रक्त नाही, ताप नाही, वजन तेवढंच. हिमोग्लोबिन १४.१. औषध काही नाही, डोकं दुखलं तर एखादी गोळी. आत्याला सत्तरीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, म्हणून तर घरचे घाबरलेत.

निवृत्त_नाडी
आत्या म्हणजे दुसऱ्या फळीतलं नातं, आणि वयही सत्तरी. त्याने तुमचा धोका फार वाढत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला, त्यातही पन्नाशीच्या आत झाला असता तर मी वेगळं बोललो असतो. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

उनाडपाऊस
मी जरा वेगळा सूर लावते. माझ्या पोटालाही आधी आयबीएसचंच लेबल होतं. 'टेन्शन घेऊ नका, फिरायला जात जा.' फिरले. वजन उतरत गेलं, रात्री कळा यायला लागल्या, तरी लेबल तेच. नवीन डॉक्टरांनी एक शौचाची तपासणी सांगितली, कॅलप्रोटेक्टिन. ती ९०० च्या वर आली. मग कोलोनोस्कोपी, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात व्रण, क्रोन्स. त्यातही एक फाटा होता. याच जागी आतड्याचा टीबी होतो आणि दिसायला दोन्ही सारखे. क्रोन्सला देतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं टीबीत दिली तर घात, म्हणून बायोप्सीचे तुकडे टीबीसाठीही तपासले, छातीचा फोटो काढला, आणि मगच औषध सुरू झालं.

माझं म्हणणं एवढंच की आयबीएस हे निदान खरं असू शकतं, पण लक्षणं बदलली की ते पुन्हा तपासून घ्यायचं. लेबल चिकटलं की पुढचा डॉक्टर नवीन काही ऐकतच नाही.

निवृत्त_नाडी
उनाडपाऊस, शंभर टक्के. आणि बघा, वजन आणि रात्रीच्या कळा या दोन्ही गोष्टी तुम्ही सांगत होतात. तपासणी कमी पडली नव्हती, ऐकणं कमी पडलं.

काचपट्टी
मी प्रयोगशाळेत असते, तर माझ्या बाजूचं थोडं.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याच्या अस्तराला सूज असली की या पेशी आतड्यात उतरतात आणि प्रथिन शौचात सापडतं. दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर मोठ्या माणसात क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसची (मोठ्या आतड्याची सूज आणि व्रण) शक्यता फार कमी. पन्नास ते अडीचशे हा धूसर पट्टा, तिथे थोड्या आठवड्यांनी पुन्हा करतात. पण सूज कशाची हे ते सांगत नाही. जंतुसंसर्गाने वाढतं, दुखणं थांबवणाऱ्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांनी वाढतं. अर्धविराम, डोकेदुखीची गोळी कोणती ते बघा, आणि नमुना देण्याआधी काही आठवडे टाळता आली तर डॉक्टरांना विचारून टाळा.

दुसरी तपासणी फिट. तिच्यात शौचातलं न दिसणारं रक्त शोधतात, आणि फक्त माणसाचंच. जुन्या पद्धतीत मांस खाल्लं तरी खोटा होकार यायचा, म्हणून आधी पथ्य असायचं. यात पथ्य नाही. ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्यांना पुढे कोलोनोस्कोपीला पाठवायचं की नाही हे ठरवायला दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम ही रेघ वापरतात. मात्र जठरातून झालेला रक्तस्राव फिट सहसा पकडत नाही, कारण खाली येईपर्यंत ते प्रथिन पचून जातं. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल, तर फिट निगेटिव्ह आली म्हणून निवांत बसू नका.

साध्या रक्ततपासणीत ज्या आकड्याकडे दुर्लक्ष होतं तो फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झालं असेल, तर नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कुठून जातंय ते वरून आणि खालून दोन्हीकडून बघावं लागतं.

गवतफुला
मीही याच बोटीत. मी नेटवर वाचून गहू बंद केला, बरं वाटलं, मग सीलिअ‍ॅकची तपासणी केली तर निगेटिव्ह. म्हणजे सीलिअ‍ॅक नाही ना?

काचपट्टी
नाही, असं म्हणता येत नाही. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन खाल्लं की शरीर स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध (टीटीजी) जी प्रतिपिंडं बनवतं ती ही तपासणी मोजते. ग्लूटेन थांबलं की प्रतिपिंडं ओसरतात. किमान ६ आठवडे, रोज एकाहून जास्त वेळच्या जेवणात ग्लूटेन घेऊन मग रक्त द्यायचं असतं. आणि टीटीजी-आयजीए (हीच ती प्रतिपिंडं, आयजीए प्रकारची) सोबत एकूण आयजीए मोजलंय का ते बघा. काहींच्या शरीरात आयजीए जन्मतःच नसतं, त्यांची तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येते.

निवृत्त_नाडी
भर घालतो. पुन्हा ग्लूटेन सुरू करणं सोसवत नसेल तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं तपासता येतात. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ बाद. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती असलेले बहुतेक लोक निरोगीच असतात. नकार ऐकण्यापुरतीच ही तपासणी कामाची.

मधलीसुट्टी
धाग्याचं थोडं अपहरण करतो, माफी. माझं दुखणं वरच्या पोटात, जळजळ. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूसाठी रक्तातली अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू आहे. आता अँटिबायोटिक्सचा कोर्स घ्यायचा का?

निवृत्त_नाडी
रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही दीर्घकाळ राहते. तो आज आहे का हे तिच्यावरून कळत नाही. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातलं अँटिजेन, दोन्हीपैकी एक करा. पण पॅन्टोप्राझोलसारखी औषधं २ आठवडे आणि अँटिबायोटिक्स ४ आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू दबून बसतो आणि खोटा नकार येतो. कोर्स संपल्यावर गेला की नाही हेही याच चाचण्यांनी बघतात.
वय जास्त असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल तर हे सगळं सोडा आणि थेट एंडोस्कोपी.

अवांतर: अल्सर जंतूने होतो हे कोणी मानेना, म्हणून बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचं द्रावण स्वतःच प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. माझ्या शिक्षणात मात्र 'अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट' एवढंच होतं.

खवचटकाका
आता माझाही प्रश्न, खवचटपणा बाजूला ठेवून. मला एकाने 'पोटाचं संपूर्ण पॅकेज' सुचवलंय. त्यात शंभर-दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी आणि कॅन्सर मार्कर. करू का? वय ६१, तक्रार काही नाही.

काचपट्टी
काका, त्या पदार्थांच्या पॅनेलमध्ये बहुधा आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजतात. आपण जे खातो त्याविरुद्ध आयजीजी तयार होणं स्वाभाविक आहे, तो असहिष्णुतेचा पुरावा नव्हे. त्या यादीवरून लोक एकेक पदार्थ सोडत जातात आणि हडकतात. कॅन्सर मार्करांपैकी सीईए हा उपचारानंतर लक्ष ठेवायला कामाचा. तो सिगारेटने वाढतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मलही असतो.

निवृत्त_नाडी
काका, पॅकेज सोडा. तुमच्या वयाला, तक्रार नसतानाही, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाळणी करून घ्यायला हवी. फिट ठराविक अंतराने किंवा एकदा कोलोनोस्कोपी. कोलोनोस्कोपीत पॉलिप सापडला तर तिथल्या तिथे काढतात, म्हणजे होऊ घातलेला कॅन्सर टळतो.

आणि इथल्या पन्नाशीपुढच्या बायकांसाठी एक: आयबीएस सहसा या वयात पहिल्यांदा सुरू होत नाही. पोट सतत फुगणं, चार घासांत पोट भरणं, वारंवार लघवी हे नव्याने सुरू झालं असेल तर बीजकोश तपासा. सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. हे 'गॅस'मध्ये वाहून जातं.

मधलीसुट्टी
आणि रात्री-अपरात्री अचानक दुखलं तर? कधी थांबायचं, कधी पळायचं?

निवृत्त_नाडी
हा खरं तर वेगळा धागा. थोडक्यात लिहितो.

अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली जाऊन बसतं. कारण आतड्याच्या नसा मेंदूला जागा नेमकी सांगत नाहीत. सूज पोटाच्या आतल्या पडद्याला टेकली की मग बोट ठेवून दाखवता येतं. भूक मरते, आधी दुखणं आणि मग उलटी असा क्रम असतो. हालचाल नको वाटते. उलट मूतखड्याचा माणूस एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो. दाराशी उभं राहून नुसतं बघितलं तरी निम्मा अंदाज येतो.

पोट फळीसारखं कडक, रक्ताची उलटी, काळी शौच, घेरी, कावीळ आणि थंडीताप एकत्र, फुगलेलं पोट आणि वारासुद्धा सरत नाही: यात थांबायचं नाही. पाळी चुकलेली असेल तर आधी गर्भचाचणी, कारण नळीतला गर्भ फुटला तर तासांचा प्रश्न असतो. मधुमेही किंवा वयस्कर माणसाच्या वरच्या पोटातल्या दुखण्याला आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका 'अ‍ॅसिडिटी' म्हणून येतो. आणि हृदयाचे ठोके अनियमित असलेला म्हातारा माणूस तळमळतोय पण पोट मऊ लागतंय, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल. तिथे सीटी ताबडतोब.

दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं तर निदान चुकेल ही भीतीही सोडा. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. कळवळणाऱ्या माणसाला तसंच ठेवू नये.

सावलीवाचक
सीटीचा विषय निघालाच आहे तर. अचानक उठलेल्या दुखण्यात सीटीसारखी चीज नाही. पण अर्धविरामसारख्या महिनोन्‌महिने चाललेल्या, धोक्याचं एकही लक्षण नसलेल्या दुखण्यात तिच्यातून क्वचितच काही हाती लागतं. पोटाच्या एका सीटीत मिळणारा किरणोत्सार साधारण ३-४ वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतका. गरज असेल तेव्हा बिनधास्त घ्यावा, घरच्यांच्या समाधानासाठी नको.

अर्धविराम
अपडेट देतो. डॉक्टरांकडे ब्रिस्टलचा कागद घेऊन गेलो, त्यांना फार आवडला. कॅलप्रोटेक्टिन ३८. टीटीजी निगेटिव्ह, एकूण आयजीए व्यवस्थित, आणि गहू मी सोडला नव्हता. थायरॉइडही ठीक. त्यांनी एक गंमत केली. आडवा असताना दुखरी जागा दाबून धरली आणि मान उचलायला सांगितली. म्हणे, पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते आतड्याचं नसून पोटाच्या भिंतीचं असू शकतं. माझं कमी झालं. सध्या कोलोनोस्कोपी नाही, औषध आणि आहारतज्ज्ञ. रक्त, वजन, रात्रीची जाग किंवा हिमोग्लोबिन यात काही बदललं तर परत जायचं.

उनाडपाऊस
छान! आणि कधी करायची वेळ आलीच तर कोलोनोस्कोपीपेक्षा आदल्या दिवशीचं औषध जास्त वैताग देतं, हे लक्षात ठेव. ते अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्याच दिवशी पहाटे घ्यायला सांगतात, तेव्हा दुसरं अर्धं टाळू नकोस. शेवटी फिकट पिवळं स्वच्छ पाणी यायला हवं. आतडं साफ नसेल तर बारीक गोष्टी सुटतात आणि परत करावी लागते. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर सगळं नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घ्या म्हणून सांग. काही कोलायटिस फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

गवतफुला
माझी उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. कोणी म्हणतं उपाशी जा, कोणी म्हणतं भरपूर पाणी पिऊन जा. नक्की काय?

सावलीवाचक
दोन्ही. सहा तास काही खाऊ नका, म्हणजे पित्ताशय भरलेलं राहतं. जेवलं की ते आकसतं. साधं पाणी चालतं, आणि गर्भाशय-बीजकोश बघायचे असतील तर मूत्राशय भरलेलंच हवं. तुमच्या सेंटरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. नंबर लागायला उशीर झाला आणि अगदीच आवरेना, तर आत येऊन सांगायचं. आधी खालचं पोट बघून मोकळं करतात.